ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट हवंय? आधी या चुका टाळा

लीड (LEED) म्हणजे ग्रीन बिल्डिंगचं एक सर्टिफिकेट, पॉइंटवर मिळणारं. त्याची फाईल हातात पडली की नवीन माणूस पहिलं काय करतो, तर पॉइंट मोजत बसतो. ४० ला सर्टिफाइड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम, हे तोंडपाठ. पण सक्तीच्या अटींना पॉइंटच नसतात आणि त्यातली एक जरी हुकली तरी बाकीचा सगळा ढीग वाया, हे बघायला कुणाला वेळ नसतो. (लीडचं व्हर्जन ४ धरून बोलतोय.)

एका मालकाने बोलावलं तेव्हा टाइल्स बसत होत्या. छतावर सोलर, कमी पाण्याचे नळ, सगळं झकास. मी विचारलं, खोदकामात माती वाहून जाऊ नये म्हणून काय केलंत, प्लॅन कुठाय, फोटो कुठायत? साइट इंजिनिअर म्हणतो, "सर, तेव्हा सर्टिफिकेटचं ठरलंच नव्हतं." ही तर सक्तीची अट, आणि इथे गाळ अडवायला काही नाही, ट्रकची चाकं धुवायची सोय नाही, आणि आता पाया परत खोदून दाखवणार का? वर मालक म्हणतात, मागची तारीख टाकून प्लॅन बनवून द्या ना! मी सरळ उठलो. कमिशनिंगवाल्याचंही (एसी, वीज वगैरे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात का हे तपासणारा माणूस) तेच, तो डिझाइन डेव्हलपमेंट, म्हणजे डिझाइन पक्कं करण्याचा टप्पा, संपायच्या आत नेमायचा असतो, एसी सुरू झाल्यावर नाही. मी तर पहिलं जेसीबी यायच्या आधीच फोल्डर उघडतो आणि तारीखवार फोटो टाकत जातो, जोराचा पाऊस झाला की हमखास.

दुसरी डोकेदुखी हद्दीची, म्हणजे कुठली जमीन प्रोजेक्टमध्ये धरायची याची. पार्किंग बाहेर दाखवलं की तापणारं काँक्रीट हिशोबात येत नाही, ही हुशारी प्रत्येकाला आपणच शोधली असं वाटतं. चालत नाही. तिथली माणसं वापरतात ते पार्किंग, पायवाटा, बांधकामात उकरलेली लगतची जमीन, सगळं आत घ्यायचं. उगाच माळरानही ओढू नका, इमारतीचं एकूण क्षेत्रफळ हद्दीतल्या जमिनीच्या किमान २ टक्के लागतं. मी एकच नकाशा ठेवतो, त्यावर जाड लाल रेघ, आणि आर्किटेक्टपासून लँडस्केपवाल्यापर्यंत सगळ्यांनी तीच रेघ वापरायची, नाहीतर प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळीच हद्द निघते.

बाकी किरकोळ. नवीन इमारत किमान ९३ चौरस मीटर, नुसतं इंटिरियर असेल तर २२. बोट किंवा चाकांवरचं घर बसत नाही, जागा कायमची हवी. मिश्र वापर असेल तर ४० टक्क्यांहून कमी भागाला लागू होणारी रेटिंग सिस्टीम (लीडची त्या-त्या प्रकारच्या इमारतीसाठीची नियमावली) घेऊ नका. आणि बाहेरचा सिगारेटचा कोपरा दारांपासून, उघडणाऱ्या खिडक्यांपासून ७.५ मीटर लांब ठेवा, टेपने मोजून, पावलं टाकून नाही.