खोली स्वतः रंगवण्यापूर्वी : हवामान धरून खर्चाच्या अंदाजाची तयारी

खोली स्वतः रंगवायची ठरली की बहुतेक जण आधी रंगाचा भाव विचारतात आणि मग भिंत मोजतात. हा क्रम उलटा असायला हवा. किंबहुना भिंत मोजण्याच्याही आधी तिच्यात ओल किती आहे आणि ज्या दिवसांत काम काढायचे त्या दिवसांत हवा कशी असणार, हे पाहायला हवे; कारण मजुरी वगळली की अंदाज चुकतो तो बहुधा रंगाच्या भावामुळे नव्हे, तर रंगाच्या वाढत गेलेल्या हातांमुळे, म्हणजे थरांमुळे, आणि लांबत गेलेल्या दिवसांमुळे. म्हणून ही तयारी दुकानात नव्हे तर खोलीतच, टेप, वही आणि मिळाल्यास एक साधा आर्द्रतामापक घेऊन सुरू करावी.

पहिली नोंद ओलीची. भिंतीचा तळ, खिडक्यांचे कोपरे आणि स्नानगृहाला लागून असलेली बाजू नीट पाहावी. सुटलेले पोपडे, फुगलेला जुना रंग, बोटाला लागणारे पांढरे क्षार यांतले काही आढळले तर तिथे हातभर रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या भिंतीकडील बाजूवर थेंब जमले असतील तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. खोलीकडील बाजूवर जमले असतील तर ते हवेतले बाष्प आहे. हा फरक खर्चाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आतून येणारी ओल म्हणजे गळती किंवा जमिनीतून वर चढणारे पाणी, आणि त्याचा बंदोबस्त होईपर्यंत रंगावर काहीही खर्च करू नये. हवेतल्या बाष्पाला मात्र वायुवीजन, पंखा किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र पुरते. गिलावा नवा असेल तर तो किमान 28 दिवस मुरू द्यावा, थंड किंवा दमट हवेत त्याहून जास्त. आणि नव्या सिमेंटमधील अल्कलीला तोंड देईल असा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, यादीत लिहावा, नाहीतर वरचा रंग डागाळतो.

काळी बुरशी दिसत असेल तर तिच्यावर सरळ रंग चढवू नये. ती रंगाखाली वाढत राहते. ब्लीचचे एकास तीन भाग पाण्यातले द्रावण लावून, काही वेळाने स्वच्छ पाण्याने पुसून भिंत पूर्ण वाळू द्यावी. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल असलेला कोणताही क्लीनर मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. हातमोजे, चष्मा आणि वाळण्याचा वेळ हे तिन्ही खर्चात धरावे. घर जुने असेल तर जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून ते तपासून घ्यावे. शिसे असलेला रंग कोरडा घासल्यास त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाते आणि लहान मुलांना ती सर्वांत घातक ठरते. असे काम स्वतःच्या अंदाजपत्रकात न बसवता जाणकाराकडे सोपवलेले बरे.

आता मोजमाप. लांबी आणि रुंदीच्या बेरजेची दुप्पट करून तिला उंचीने गुणले की भिंतींचे क्षेत्रफळ येते. त्यातून दारे-खिडक्या वजा कराव्यात. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 2.8 मीटर उंच खोलीच्या भिंती 39.2 चौरस मीटर होतात. एक दार आणि एक खिडकी मिळून सुमारे 3.7 वजा जाता 35.5 उरतात. छत 12 चौरस मीटर, पण त्याचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण छताला बहुधा वेगळा आणि स्वस्त रंग चालतो. गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, एका हातात साधारण 10 ते 12 चौरस मीटर जाते. खरबरीत किंवा फार शोषणाऱ्या गिलाव्यावर ते 6 ते 8 पर्यंत उतरते. सावधपणे 10 धरले तर भिंतींना दोन हातांसाठी 7.1 लिटर लागतील, आणि ट्रे, रोलर व डब्याच्या तळाशी जाणारे सुमारे दहा टक्के धरून 7.8. हीच खोली खरबरीत असेल आणि लिटरमागे 7 चौरस मीटरच मिळाले, तर वाया जाणारे न धरताच आकडा 10 लिटरच्या पुढे जातो. म्हणून पुट्टी भरणे आणि घासणे ही फक्त दिसण्याची बाब नव्हे. ती रंगाच्या बिलाची बाब आहे.

भाव विचारताना लिटरचा भाव लिहून न घेता चौरस मीटरचा भाव काढावा : लिटरच्या किमतीला व्याप्तीने, म्हणजे एका लिटरात एका हाताने रंगणाऱ्या चौरस मीटरने, भागावे आणि हातांच्या संख्येने गुणावे. व्याप्ती सारखीच असताना दीडपट महाग रंग दोन हातांत झाकत असेल आणि स्वस्त रंगाला तीन हात लागत असतील, तर रंगाचा खर्च तंतोतंत सारखा होतो आणि एक हात लावण्याचा व वाळण्याचा वेळ वाचतो. माझ्या मते खोली स्वतः रंगवणाऱ्याने या एका हिशेबावर स्वस्त रंगाचा मोह टाळावा. गडद लाल आणि पिवळ्या छटांची झाकण्याची ताकद कमी असते; तिथे तिसरा हात आधीच धरावा किंवा रंगछटा मिसळलेला प्रायमर घ्यावा.

अंदाजाचा सर्वांत निसटता भाग हवामानाचा. बहुतेक पाण्याच्या रंगांसाठी भिंत आणि हवा दोन्ही साधारण 10 ते 35 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावीत आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांखाली असावी. नेमकी मर्यादा डब्यावर छापलेली असते आणि तीच पाळावी. याशिवाय भिंतीचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा, किमान 3 अंशांनी जास्त असावे. दवबिंदू काढण्याची ढोबळ रीत सोपी आहे : आर्द्रता शंभरातून वजा करावी, उरलेल्याला पाचने भागावे आणि तो आकडा हवेच्या तापमानातून वजा करावा. निम्म्याहून अधिक आर्द्रतेत ही रीत कामापुरती बरोबर येते. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू सुमारे 27, म्हणजे भिंत निदान 30 अंशांवर हवी. एवढ्या दमट दिवशी सावलीतली भिंत त्याहून थंड असणे सहज शक्य आहे, आणि तसे असेल तर त्या दिवशी डबा उघडू नये.

दमट प्रदेशात रंग महागत नाही, दिवस महागतात. डब्यावर पुढच्या हातासाठी चार तास लिहिलेले असले तरी ते मध्यम हवेचे असतात; भरल्या हवेत रात्र जाऊ द्यावी लागते. घाईने दुसरा हात दिला तर खालचा ओला थर रोलरबरोबर उचलला जातो. शिवाय फार सावकाश वाळलेल्या रंगावर साबणासारखे तपकिरी ओघळ उमटतात. ते सुरुवातीला दिसल्यास पाण्याने पुसले जातात, त्यासाठी पुन्हा रंग देण्याचे कारण नसते. आर्द्रता शोषणारे यंत्र 300 वॅटचे धरले आणि ते तीन दिवस अखंड चालले, तर सुमारे 22 युनिट वीज जाते. यंत्र भाड्याने घ्यायचे असेल तर तेही याच ओळीत लिहावे.

उष्ण आणि कोरड्या हवेत अडचण उलटी. रंग रोलरवरच आटतो, पट्ट्याची कड पुढचा पट्टा येण्याआधी वाळते आणि दोन पट्ट्यांचे सांधे उजेडात ठळक दिसतात. ते झाकायला काढलेला जादा हात हाच अशा हवेतला छुपा खर्च. म्हणून उन्हाने तापलेली भिंत टाळून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काम करावे, पंख्याचा झोत भिंतीवर येऊ देऊ नये आणि एक भिंत मध्येच न थांबवता कोपऱ्यापर्यंत न्यावी. रंग दाटला म्हणून मनाने पाणी ओतू नये. डब्यावरील प्रमाणापलीकडे पातळ केलेला रंग झाकत नाही. धुळीचे वारे असतील तर झाकण्याच्या कापडाचा आणि ओल्या फडक्याने पुसण्याचा खर्चही आलाच.

थंड प्रदेशात पाणी उडून गेले तरी रंगाचे कण एकमेकांत मिसळून सलग थर बनायला पुरेशी ऊब लागते. ती नसेल तर वाळलेला दिसणारा रंग पुढे भुकटीसारखा सुटतो. इथे हवेपेक्षा भिंतीचे तापमान पाहावे. खोली 20 अंशांवर आणि आर्द्रता 70 टक्के असताना दवबिंदू सुमारे 14 येतो. बाहेरच्या बाजूची भिंत 13 अंशांवर असेल तर तिच्यावर नकळत दव धरलेले असते. दीड किलोवॅटचा विजेचा हीटर रोज आठ तास तीन दिवस चालवला तर 36 युनिट होतात, आणि भिंत आतपर्यंत तापावी म्हणून तो आदल्या दिवशीच लावावा लागतो. केरोसीनचा किंवा गॅसचा धुराडे नसलेला हीटर स्वस्त वाटतो, पण ज्वलनातून पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही खोलीत येतात; त्याला यादीतून काढावे. रंगाचे डबेही गोठू देऊ नयेत, कारण गोठून वितळलेला पाण्याचा रंग फाटून गुठळ्या धरू शकतो, आणि असा डबा सरळ तोट्यात लिहावा लागतो.

अवजारांची ओळ छोटी आहे : एक बरा रोलर, कोपऱ्यांसाठी ब्रश, ट्रे, पुट्टीचा पत्रा, दोन दर्जांचा सँडपेपर, मास्किंग टेप, जमिनीवरचे आच्छादन, भक्कम शिडी आणि घासताना तोंडावर बांधायचा योग्य दर्जाचा मास्क. रोलर गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा, खरबरीतला लांब लवेचा घ्यावा. टेपवर बचत करू नये. हलक्या दर्जाचा टेप उन्हाळ्यात चिकटून राहतो आणि काढताना चौकटीचा रंगही घेऊन येतो.

शेवटी वहीत तीन आकडे स्वतंत्र ठेवावेत : साहित्य, वीज व भाडे, आणि अडलेले दिवस. दमट किंवा थंड हवेत काम असेल तर तिसऱ्या आकड्यात निदान दोन दिवस जादा धरावेत, कारण त्या काळात खोलीतले सामान दुसरीकडे असते आणि झोपायची सोय वेगळी लागते. सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलत नाही. कामाच्या शेवटी एखादा लिटर उरला तर तो छोट्या बरणीत काठोकाठ भरून, झाकणावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून, न गोठणाऱ्या आणि न तापणाऱ्या जागी ठेवावा. पुढे डाग झाकण्यासाठी नवा डबा आणावा लागत नाही.