सदस्याचाच ठेका: ग्रामपंचायतीतला हितसंबंध कागदावर कसा सिद्ध करायचा

गावात दोन पॅनेल असली की दोन वेगळे वाद एकमेकांत मिसळतात. पाण्याचा आरओ प्लांट ग्रामपंचायतीने स्वतः चालवायचा की ठेक्याने द्यायचा, गाळे लिलावात काढायचे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याची जागा ग्रामसभा. पण ठेका ज्याला मिळाला तो सदस्यच निघाला, तर तो कायद्याचा प्रश्न होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. हे दोन्ही एकाच अर्जात कोंबले की समोरचा वकील सगळ्यालाच 'राजकीय द्वेष' म्हणतो, आणि खरा मुद्दा वाया जातो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14(1)(ग) नुसार (इंग्रजी प्रतीत खंड 'जी') पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. पंचायतीतल्या नोकरीलाही हेच लागू आहे. कलमाखाली काही अपवाद दिले आहेत. तुमचे प्रकरण त्यात बसत नाही ना, हे अर्ज लिहिण्याआधी बघा.

पहिले काम कागद मिळवण्याचे. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. 'पाच वर्षांचे सर्व व्यवहार द्या' असे लिहिले की अर्ज अडकतो. एका कामाचे नाव आणि आर्थिक वर्ष लिहून नेमके मागा: मासिक सभेचा ठराव, आलेली सर्व दरपत्रके, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, बिल, प्रमाणक (नमुना 12) आणि रोकडवहीचे (नमुना 5) ते पान. छायांकित प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. दरम्यान ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी पोर्टलवर वित्त आयोगाच्या निधीतून कोणाला किती रक्कम गेली ते पाहता येते. तिथला व्हाउचर क्रमांक अर्जात घातला की 'अभिलेख आढळत नाही' म्हणणे अवघड होते.

बिल हाती आले की आधी जीएसटी क्रमांक पाहा. तो 15 अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची दहा अक्षरे पॅनची. क्रमांकातले सहावे अक्षर 'पी' असेल तर पॅन एका व्यक्तीचा, 'एफ' असेल तर भागीदारी फर्मचा, 'सी' असेल तर कंपनीचा. जीएसटी पोर्टलवर तो क्रमांक टाकला की दुकानाच्या नावामागचे कायदेशीर नाव दिसते. 'अमुक ट्रेडर्स' म्हणजे प्रत्यक्षात कोण, हे तिथेच कळते. त्या पानाची प्रिंट काढून तारीख टाका. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, आणि जेसीबी, टँकर किंवा ट्रॅक्टर भाड्याचे असेच असते, तर बिलावरचा वाहन क्रमांक आणि सोबत जोडलेले आरसी बुक मागा. तीन दरपत्रकांपैकी दोनांवर एकाच हाताचे अक्षर किंवा एकच मोबाइल क्रमांक असेल तर तेही नोंदवा, पण त्यावर एकट्यावर अर्ज उभा करू नका.

सगळ्यात जास्त अर्ज फेटाळले जातात ते नात्याच्या मुद्द्यावर. ठेका भावाच्या, बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर आहे एवढे दाखवून भागत नाही. मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता म्हणून वडिलांना अपात्र ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये म्हटले: नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. 2012 मध्ये गोव्याच्या प्रकरणात पतीने पंचायतीचे काम घेतले म्हणून पत्नी अपात्र ठरली, पण तिथे पोर्तुगीजकालीन नागरी संहितेमुळे पतीच्या मिळकतीत पत्नीचा निम्मा हिस्सा असतो. महाराष्ट्रात तो आधार नाही. इथे पैसा सदस्यापर्यंत पोहोचतो हे दाखवावे लागते: भागीदारीपत्र, संयुक्त बँक खाते, सदस्याच्या मालकीच्या यंत्राचे भाडे, बिलावर सदस्याची 'रक्कम मिळाली' अशी सही. कुटुंबाच्या अतिक्रमणावरचा 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लोक इथेही जोडतात. तो वेगळ्या खंडावरचा आहे, फक्त त्याच्यावर विसंबू नका.

अर्ज कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तो कोणीही करू शकतो, विरोधी पॅनेलचा असणे आड येत नाही. सदस्य निवडून आल्याची तारीख, कार्यारंभ आदेशाची, मोजमापाची आणि रक्कम जमा झाल्याची तारीख एका तक्त्यात मांडा, प्रत्येक ओळीपुढे जोडपत्राचा क्रमांक द्या आणि शपथपत्र जोडा. हितसंबंध निवडणुकीच्या वेळी किंवा सदस्यत्वाच्या काळात होता, हे तारखांवरूनच दिसले पाहिजे. मागणी एकच: पद रिक्त झाल्याचा निर्णय द्यावा. काम निकृष्ट झाले, सरपंच अरेरावी करतात, हे यात लिहू नका. गैरवर्तनासाठी कलम 39 आहे, तिथे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त निर्णय घेतात.

जिल्हाधिकारी बहुधा गटविकास अधिकाऱ्यांचा अहवाल मागवतात. त्याची प्रत सुनावणीआधी मिळवा, कारण 'ठराव नियमानुसार आहे' एवढ्या एका वाक्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ठराव नियमात असला तरी हितसंबंध असू शकतो, हे लेखी युक्तिवादात ठळक मांडा. कायद्यात शक्यतो 60 दिवसांत निर्णय असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, तेव्हा प्रत्येक तारखेला हजर राहून रोजनाम्यावर (सुनावणीच्या त्या दिवसाच्या नोंदीवर) सही करा. निर्णय होईपर्यंत सदस्य पदावर राहतो आणि मतही देतो.

निकाल विरोधात गेला तर अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून फक्त 15 दिवस. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या.