खाष्ट काकूनंतरची भूमिका

बत्तिसाव्या वर्षी मला एका डेली मालिकेत नायिकेच्या चुलत सासूची भूमिका मिळाली. तोवर मी साताऱ्यात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं केली होती, मुंबईत येऊन चार वर्षं लहानसहान कामं केली होती आणि भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या. काकू कपटी होती. दुधात काहीतरी मिसळायची, कागद पळवायची, दाराआडून ऐकायची. सव्वातीन वर्षं, महिन्याला वीस-बावीस दिवस मी ती केली आणि मनापासून केली. बाजारात बायका अडवून विचारायच्या, "काय हो, त्या गरीब पोरीला किती छळता?" ती मला मिळालेली पावतीच वाटायची.

मालिका संपली आणि पुढच्या वर्षभरात मला नऊ फोन आले. त्यातले सात काकूसाठी होते. एका ऑडिशनला तर संवादही नीट वाचू दिले नाहीत. "मॅडम, तेच करा. फक्त या वेळी काठपदर नाही, सिल्क आहे." त्या दिवशी आरामनगरातून, म्हणजे जिथं ही ऑडिशनं चालतात त्या वस्तीतून, बाहेर पडून मी वर्सोव्याच्या रिक्षा स्टँडवर बराच वेळ नुसती उभी होते. मला छत्तिसाव्या वर्षी पुढची पंचवीस वर्षं दिसली होती.

या क्षेत्रात नव्यानं आलेली मुलं-मुली हल्ली विचारतात, "ताई, इमेज कशी मोडायची?" बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: टक्कल करायचं, वीस किलो वजन वाढवायचं, आधीच्या अगदी उलट टोकाचं काहीतरी करायचं आणि लोक थक्क होतील. माझा अनुभव वेगळा आहे. प्रेक्षक नव्या भूमिकेत तुमच्याबरोबर यायला तयार असतो, पण त्याला धरायला जुन्यातलं काहीतरी हातात द्यावं लागतं. सगळंच एकदम बदललं तर तो जुन्या माणसाला शोधत बसतो.

हे मला शिकवलं ललिता पवारांनी. त्यांना मी कधी भेटले नाही. त्यांचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले, एवढंच. मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि बऱ्याच उपचारांनंतरही डावा डोळा बारीक झाला तो झालाच. नायिकेची कामं संपली. मग त्यांनी तो डोळाच कामाला लावला. खाष्ट सासू, कजाग बाई, कारस्थानी म्हातारी. पुढच्या काही वर्षांत त्या पडद्यावर आल्या की आता काहीतरी वाईट होणार, हे थिएटरातल्या पोराटोरांनाही कळायचं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं.

१९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी बाई झाल्या. भूमिका छोटी, बाई तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. चार वर्षांनी 'अनाडी'मधली मिसेस डिसा आली. घरमालकीण, भाडेकरूवर सतत खेकसणारी आणि त्याच्यावर आईसारखा जीव लावणारी. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. आता नीट बघा, त्यांनी काय सोडलं आणि काय ठेवलं. तो आवाज तोच, तो डोळा तोच, अंगावर धावून जाणंही तेच. बदलला फक्त हेतू. ज्या ओरडण्याची लोकांना भीती वाटायची, त्याच ओरडण्यामागे माया निघाली आणि प्रेक्षक रडले. सोज्वळ, गोड आवाजाच्या आईची भूमिका त्यांनी तेव्हा घेतली असती, तर ते घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

प्राण यांच्या बाबतीतही तेच झालं. लोक मुलाचं नाव प्राण ठेवायला धजावत नव्हते अशी त्यांची दहशत होती. १९६७ च्या 'उपकार'मध्ये त्यांनी कुबड्या घेऊन चालणारा मलंग केला. मलंग कडवट बोलतो, जगावर चिडलेला आहे. कडवटपणा जुनाच होता, पण या वेळी तो खरं बोलणाऱ्या माणसाचा होता. तिथून त्यांची चरित्र अभिनेत्याची दुसरी खेळी सुरू झाली. आणि अलीकडचं पाहायचं तर नीना गुप्ता. २०१७ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधते आहे. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. त्यात त्या आईच आहेत, लग्नाच्या वयाच्या मुलाची आई. फक्त ही आई पुन्हा गरोदर आहे. आईची चौकट त्यांनी टाकली नाही, तिच्या आत जे कुणी दाखवत नव्हतं ते दाखवलं.

दिलीप प्रभावळकरांचं उदाहरण लोक माझ्यासमोर उलटं मांडतात. दूरदर्शनवरचा चिमणराव, 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'टिपरे'तले आबा आणि २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. यात काय सारखं आहे? काहीच नाही, आणि तीच त्यांची ओळख आहे. ते कोणत्याच साच्यात इतका वेळ थांबले नाहीत की साचा घट्ट व्हावा. पण ती वाट सुरुवातीपासून धरावी लागते. माझ्यासारखी सव्वातीन वर्षं रोज संध्याकाळी घराघरांत एकच चेहरा घेऊन गेलेली बाई ती वाट मधूनच पकडू शकत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल लिहिताना मला अजून वाईट वाटतं. १९९२ चा 'एक होता विदूषक' पाहा. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि मध्यभागी तमाशातून आलेला सोंगाड्या झालेले बेर्डे. मराठीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. लोक लक्ष्याला पाहून हसायला आले होते. भूमिका निवडण्यात त्यांची चूक झाली असं मी म्हणणार नाही; हसवणाऱ्या माणसाचं दुःख, म्हणजे जुन्यातलं काहीतरी धरून नवीन, हे सूत्र तिथंही होतंच. पण त्या एका पावलाला जोडून दुसरं, तिसरं पाऊल टाकायला कुणी त्यांच्यासाठी भूमिका लिहिली नाही, आणि त्यानंतर ते बहुतेक विनोदी भूमिकांतच दिसत राहिले. एक भूमिका माणसाला बदलत नाही. लागोपाठ तीन लागतात. म्हणून पहिली घेतानाच दुसरी कुठून येणार याचा विचार सुरू करा.

आता माझ्याकडे येते. आधी पैशाचं बोलते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मालिकेचं पेमेंट साधारण नव्वद दिवसांनी हातात येतं. म्हणजे काम थांबलं तरी तीन महिने पैसे येत राहतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. चौथ्या महिन्यात कळतं. मॅथ्यू मॅकॉनहे या अमेरिकन नटानं प्रेमकथांच्या विनोदी चित्रपटांतून बाहेर पडण्यासाठी जवळपास दीड कोटी डॉलरचं काम नाकारलं होतं. पुढे त्याला ऑस्कर मिळालं, आणि ही गोष्ट नव्या मुलांना फार आवडते. पण नकार देताना त्याच्या बँकेत काय होतं आणि तुमच्या खात्यात काय आहे, हे आधी बघा. मी पहिली काकू नाकारली तेव्हा माझ्याकडे सात महिन्यांचा खर्च बाजूला होता. तो नसता तर मी सिल्कची साडी नेसले असते.

त्या काळात मला डबिंगनं जगवलं. दाक्षिणात्य चित्रपटांच्या मराठी आवृत्त्या, जाहिराती, माहितीपट. आवाजाच्या कामाचा मोठा गुण असा की ते पैसे देतं आणि चेहरा वापरत नाही. आमच्याकडे म्हणतात, चेहरा जरा थंड होऊ द्यावा. एक काकू सोडून दुसऱ्या चॅनेलवर मावशी केली असती तर तो कधीच थंड झाला नसता. तुम्हाला आवाजाचं काम येत नसेल तर शिका. वर्कशॉप घ्या, शाळांची नाटकं बसवा. घरभाडं निघेल आणि पडद्यावरून वर्षभर गायब राहता येईल अशी एक जोडवाट हवीच.

नकार देण्यात मी एक मोठी चूक केली. एका कोऑर्डिनेटरला मी फोनवर म्हणाले, "मला आता असली कामं करायची नाहीत." 'असली' हा शब्द तिला लागला, आणि लागणारच, कारण ती कामं आणून देणं हेच तिचं पोट होतं. दोन वर्षं तिचा फोन आला नाही. आता मी त्याच दिवशी फोन करते, आभार मानते, मला सध्या कोणत्या प्रकारचं काम हवं आहे ते एका वाक्यात सांगते आणि त्या भूमिकेसाठी दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीचं नाव सुचवते. ते एक वाक्य फार उपयोगी पडतं. "वेगळं काहीतरी हवंय" असं म्हटलं तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. "तोंडाळ पण कष्टाळू, नोकरी करणारी बाई" म्हटलं की राहतं.

ती बाई मला पहिल्यांदा भेटली नाटकात. पुण्यातला एक प्रायोगिक ग्रुप, छोटं नाट्यगृह, प्रयोगाला पाचशे रुपये आणि एसटीचं भाडं. भूमिका जिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या नर्सची. पेशंटच्या नातेवाइकांवर डाफरणारी. तालमीच्या तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक मला म्हणाला, "तुमची डावी भुवई प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जाते." मला माहीतच नव्हतं. मालिकेत प्रत्येक सीन माझ्या क्लोजअपवर संपायचा, वर तो धाडकन आवाज पडायचा, आणि भुवई त्या आवाजाची वाट पाहायला शिकली होती. त्यानं मला गॉझच्या पट्ट्यांचा ढीग दिला आणि सांगितलं, बोलताना या घड्या घाला, मोजून. हात कामात गुंतले की चेहरा गप्प बसतो. तीन आठवडे मी घड्या घातल्या. इमेज मोडण्याबद्दल एवढं बोलतो आपण, पण ती आधी आपल्याच अंगात बसलेली असते. भूमिका बदलली आणि भुवई तीच राहिली तर प्रेक्षकाला काकूच दिसणार.

सव्वीस प्रयोग झाले. त्यातल्या एका प्रयोगाचं चित्रीकरण माझ्याकडे होतं. मी शोरील, म्हणजे माझ्या निवडक कामांची छोटी चित्रफीत, नव्यानं केली आणि पहिल्या तीस सेकंदांत ती नर्स टाकली. मालिकेतला सगळ्यांत गाजलेला प्रसंग मी काढूनच टाकला. फार जड गेलं ते. पण कास्टिंगवाली माणसं रील पूर्ण बघत नाहीत, पहिला चेहरा बघतात आणि त्यालाच काम देतात. मग एका छोट्या चित्रपटात एसटी स्टँडवरच्या कँटीनवालीचे चार सीन मिळाले, नंतर एका वेब सिरीजमध्ये तहसील कचेरीतली कारकून. दोन्ही बायका फटकळ. नर्स ते कारकून, मधे पावणेतीन वर्षं गेली.

छाया कदम यांची वाटचाल मी या काळात जवळून पाहत होते. 'फँड्री', 'सैराट', 'झुंड'. अशी कामं करत करत २०२४ मध्ये 'लापता लेडीज'मधली रेल्वे फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई देशभर पोहोचली, आणि त्याच वर्षी त्यांची भूमिका असलेल्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हे पारितोषिक मिळालं. मंजू माई मी तीन वेळा पाहिली, केवळ त्या किती कमी करतात हे बघायला.

गेल्या महिन्यात मला पुन्हा काकूसाठी फोन आला. चित्रपट आहे, काकू कपटीच आहे. मी संहिता मागितली. हल्ली वाचताना मी एकच गोष्ट शोधते: या बाईला ती एकटी असतानाचा एखादा सीन आहे का? मालिकेतल्या माझ्या काकूला सव्वातीन वर्षांत तसा एकही नव्हता. ती कायम कुणाच्या तरी विरुद्ध काहीतरी करत होती. या काकूला आहे. पहाटे उठून ती नवऱ्याचे जुने सदरे उन्हात टाकते, वाळले की घड्या घालते, परत पेटीत ठेवते. संवाद नाही. मी होकार कळवला. ललिता पवारांनीही मिसेस डिसानंतर अठ्ठावीस वर्षांनी टीव्हीवर मंथरा केलीच होती.

परवा लुक टेस्ट झाली. मेकअपदादांनी जुन्या सवयीनं माझ्या भुवया गडद करायला घेतल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, भुवया राहू द्या. हातांवर जरा सुरकुत्या काढता येतील का?"