पडक्या चर्चमध्ये सैनिकांसाठी स्मरणप्रार्थना कशी योजावी

निमंत्रणपत्रिका छापायला देण्याआधी ती वास्तू कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहावे. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर कारवारजवळचे अंजदीव बेट, जेथे ब्रोतस सायबिणीचे (मारिया मातेचे) चर्च आहे, ते नौदलाच्या ताब्यात असून परवानगीवाचून तेथे उतरता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकात सभा-समारंभ करायचा, तर १९५९ च्या नियमांनुसार लेखी परवानगी लागते. मान्यताप्राप्त धार्मिक प्रथेला यातून सूट आहे. पण आपण यंदा प्रथमच योजलेली प्रार्थना प्रथा ठरत नाही, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नये.

पावसाळ्यात हा बेत करूच नये, कारण शेवाळलेल्या चिऱ्यांवर वयस्कर माणसांचे पाय सरकतात. सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताचे, म्हणजे ३ डिसेंबरच्या आगेमागचे दिवसही जुन्या गोव्यात टाळावेत. गोवामुक्तीच्या वेळी अंजदीवच्या मोहिमेत १८ डिसेंबर १९६१ रोजी सात नौसैनिक कामी आले. त्यांचे स्मरण करायचे असेल, तर त्याच तारखेची सकाळ उत्तम.

जांभ्या दगडाची भिंत छत व गिलावा गेल्यावर पावसाने आतून झिजत जाते आणि बाहेरून मात्र भक्कम दिसते. सेंट ऑगस्टीनचे छत १८४२ मध्ये कोसळले, तर दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग थेट १९३१ मध्ये. म्हणून खुर्च्या भिंतीच्या उंचीइतक्या अंतरावर मांडाव्यात, आणि जमिनीतील कोरीव थडग्यांवर तर एकही ठेवू नये. दगडात खिळा मारू नये. मेणबत्त्या वाळू भरलेल्या परातीत लावाव्यात, कारण सच्छिद्र जांभ्यात मुरलेले मेण पुढे निघत नाही.

मिस्सा (फादरनी करायचा मुख्य उपासनाविधी) व्हावी की नुसती प्रार्थना, हे फादरनी ठरवायचे आहे. माझ्या मते अशा जागी लदीन, म्हणजे सर्वांनी मिळून गायची प्रार्थना, अधिक शोभते. रस्त्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) होते तशी, उघड्यावर, व्हायोलिनच्या साथीने. तिला फादरच हवेत असे नाही, आणि शेजारपाजारची हिंदू मंडळीही तिला सरावलेली असतात. सेंट ऑगस्टीनची घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्यामुळे हातघंटा घरूनच न्यावी. आधी घंटा, मग नामवाचन, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही धून, दोन मिनिटांचे मौन, बिगुलाचीच ‘राउज’ ही धून, पुष्पचक्र आणि शेवटी लदीन, असा क्रम ठेवून सारे चाळीस मिनिटांत आटोपावे. सावली नसलेल्या जागी त्याहून अधिक वेळ लोकांना बसवणे योग्य नव्हे. भाषणे नकोत.

खरी मेहनत नामवाचनाची आहे. प्रत्येक नाव हुद्द्यासह लिहून घ्यावे आणि घरच्या माणसांकडून उच्चार तपासून घ्यावा. नावे मिळतच नसतील, तर तुकडी, ठिकाण आणि वर्ष वाचावे. उदाहरणार्थ, मुंबईचा ताबा मिळण्याची वाट पाहत इंग्रज अधिकारी सर अब्राहम शिपमन आणि त्यांचे बहुतेक सैनिक अंजदीववरच मेले. शिपमन १६६४ मध्ये गेले, आणि त्यांच्या सैनिकांचे स्मरण आज असेच करता येते.

लदीनीनंतरचे उकडलेले चणे स्मारकाच्या आवारात वाटू नयेत, फाटकाबाहेर वाटावेत. निघण्यापूर्वी दोघांनी मागे थांबून फुले, वात आणि कागद वेचून न्यावेत.