न्यूमोनियाची शंका आली तर: श्वास मोजण्यापासून लसीपर्यंत

जून ते सप्टेंबर मुंबईत तापखोकल्याचं माणूस घरोघरी असतं. बहुतेकांचा आजार विषाणूंचा असतो आणि आठवड्याभरात उतरतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. न्यूमोनियात मात्र फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू आणि पाणी भरतं, त्यामुळे रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो आणि शरीर श्वास वाढवून ती तूट भरून काढतं. म्हणून घरी हा फरक ओळखायला थर्मामीटरपेक्षा सेकंदकाटा असलेलं घड्याळ जास्त कामाचं.

पायरी १: श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

माणूस शांत बसलेला किंवा झोपलेला असताना छाती-पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबा.

दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडलं असेल तर थेट रुग्णालय. मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० असतात. ३० झाले की घरी थांबायचं नाही.

ऑक्सिमीटर असेल तर हात गरम करून, नेलपॉलिश पुसून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर वाट पाहा. ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, ९० च्या खाली गेला तर १०८ ला फोन करा. ज्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे त्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो. तो बरे असतानाच लिहून ठेवलेला असावा.

घरातल्या आजी-आजोबांकडे वेगळ्या नजरेने बघा. वयस्कांत कित्येकदा ताप येतच नाही आणि खोकलाही नावापुरता असतो. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं, उठताना तोल जाऊन पडणं हीच न्यूमोनियाची पहिली खूण असू शकते. ‘वय झालं’ म्हणून यावर पांघरूण घालू नका.

पायरी २: तपासणी

महापालिकेचा दवाखाना, ‘आपला दवाखाना’ किंवा नेहमीचे डॉक्टर, कुठेही गेलात तरी चालेल. ताप कधी सुरू झाला, श्वासांचे आकडे, चालू औषधं आणि पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का, हे कागदावर लिहून न्या. छातीचा एक्स-रे बहुधा लागतोच. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांसाठी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांची तपासणीही करून घ्या. लेप्टोसुद्धा फुप्फुसावर जाऊ शकतो.

भरती करायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर पाच गोष्टी बघतात: गोंधळलेपण, रक्तातलं युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर, श्वास ३० किंवा अधिक, वरचं रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचं ६० पर्यंत उतरलेलं, आणि वय ६५ किंवा जास्त. प्रत्येकाला एक गुण. शून्य किंवा एक असेल तर बहुतेक वेळा घरी उपचार होतात, दोनला भरतीचा विचार होतो, तीन किंवा जास्त म्हणजे गंभीर आजार.

पायरी ३: अँटिबायोटिक, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं

बाहेर लागण होणाऱ्या न्यूमोनियाचं जिवाणूंतलं सर्वांत नेहमीचं कारण न्यूमोकॉकस. आधी धडधाकट असलेल्या प्रौढाला घरी उपचार करताना त्यावर अमॉक्सिसिलिन हेच चांगलं औषध आहे, साधारण ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दिवसातून तीनदा. मायकोप्लाझ्मासारख्या काही जंतूंना पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन तर भित्तिकेवरच घाव घालतं. तिथे डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन देतात. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर औषध आणि डोस दोन्ही बदलतात. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी तुमच्या कामाची नाही.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणणं ही या शहरातली फार पसरलेली सवय आहे आणि ती मोडायलाच हवी. कित्येक न्यूमोकॉकस आता या औषधाला दाद देत नाहीत. त्यात तीन दिवस जातात आणि न्यूमोनिया वाढतो.

लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल तर जास्तच जपा. ते टीबीच्या जंतूंनाही थोडंफार मारतं. आजार टीबीचा असेल तर चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं, आणि जंतू त्या औषधाला सरावतात. मुंबईत टीबीचं प्रमाण पाहता हा धोका खरा आहे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल, वजन उतरत असेल किंवा रात्री घाम येत असेल, तर गोळी सुरू होण्याआधी बेडक्याची तपासणी मागा. सरकारी केंद्रात ती मोफत होते. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि खोलातून खोकून बेडका काढा. डबीत नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते.

गोळ्या घेताना: डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. या गोळीसोबत दूध, कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं औषध नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलनेट असलेली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर पोट कमी बिघडतं.

मुलांसाठी अमॉक्सिसिलिनचा डोस वजनावर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दर किलोला ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे १० किलोच्या मुलाला प्रत्येक वेळी ४०० मिलिग्रॅम. वजन दवाखान्यातच करून घ्या. ड्राय सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरा, दर वेळी हलवा, आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता सोबतच्या मापाने द्या. उरलेलं औषध सात दिवसांनी टाकून द्या.

पायरी ४: ४८ ते ७२ तासांनी हिशेब

औषध लागू पडलं असेल तर एवढ्या वेळात ताप उतरायला लागतो आणि श्वासांचा आकडा खाली येतो. तसं झालं नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. जंतू वेगळा असेल, छातीत पाणी साठलं असेल किंवा टीबी असेल. कोर्स साधारण किमान पाच दिवसांचा असतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा लांबवूही नका.

खोकला आणि थकवा मात्र रेंगाळतो. ताप आठवड्यात जातो, खोकला बराचसा कमी व्हायला सहा आठवडे लागू शकतात, पूर्ण ताकद यायला तीन ते सहा महिने. एवढ्यावरून पुन्हा अँटिबायोटिक मागू नका. पन्नाशीच्या पुढचे सिगारेट-बिडी ओढणारे आणि ज्यांची लक्षणं जात नाहीत त्यांनी सहा आठवड्यांनी एक्स-रे परत काढावा, मागे गाठ लपलेली नाही ना हे त्यात कळतं. दहा बाय बाराच्या खोलीत आजाऱ्याजवळ मच्छर अगरबत्ती जाळू नका, मच्छरदाणी लावा.

पायरी ५: लस

बाळांना न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस सरकारी केंद्रांत मोफत आहे. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झालेली ही लस २०२१ पासून देशभर दिली जाते: ६ आणि १४ आठवडे, मग ९ महिन्यांना बूस्टर. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीमध्ये हिब या दुसऱ्या जंतूवरची लसही असते. गोवर-रुबेलाही चुकवू नका, गोवरानंतरचा न्यूमोनिया मुलांचा जीव घेतो.

मोठ्यांत ६५ च्या वरचे, तसंच मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले आणि धूम्रपान करणारे यांनी न्यूमोकॉकसची लस घ्यावी. ती खासगीत विकत घ्यावी लागते. न्यूमोकॉकसच्या १३ प्रकारांवरची घेतली तर साधारण वर्षाने २३ प्रकारांवरची घेतात. २० प्रकारांवरची मिळाली तर तेवढी एकच पुरते.

फ्लूची लस दरवर्षी, कारण विषाणू बदलत राहतो. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मुंबईत एप्रिल-मेमध्येच घ्या. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लस घरी विकत आणून ठेवू नका. तिला २ ते ८ अंशांची थंडी अखंड लागते आणि ती गोठली तर निकामी होते.

न्यूमोनिया होऊन गेलेल्यांनाही लस लागते, कारण न्यूमोकॉकसचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि एकाने दिलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवेलच असं नाही. ताप उतरून बरे झालात की पुढच्याच तपासणीला लसीची तारीख ठरवून घ्या.