मराठवाड्यात घर सजवताय? या चुका टाळा, आधी ऊन, धूळ अन् बोअरचं पाणी बघा

मोबाईलवर घर सजवायचे व्हिडिओ बघून बघून आजकाल लातूर असो की परभणी, सगळ्यांचे हॉल सारखेच दिसायलेत. एक भिंत गडद, तिच्यावर टीव्ही युनिट, वर पीओपी, पिवळे लाईट, खाली मखमली सोफा. दिसायला एकदम भारी, पण मे महिन्यात दुपारी तीनला त्या हॉलमधी कुणी बसत नाही, सगळं घर आतल्या खोलीत कूलरपुढं जाऊन पडतं. म्हणजे पैसे घातले एका खोलीत आणि राहायचं दुसऱ्या. तो व्हिडिओवाला मुंबईच्या नाहीतर बेंगळुरूच्या फ्लॅटमधी राहतो, त्याच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री नसते, काळ्या मातीची धूळ नसते आणि नळावर पांढरं चढवणारं बोअरचं पाणी नसतं. आपल्याकडं तिन्ही आहे. त्यामुळं रंग, पडदे, सोफा नंतर, आधी या तिघांशी जमवून घ्यायचं. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळं होतात.

घर कुठून तापतंय ते न बघताच खर्च करणे

"घर लई तापतं" म्हणलं की लोक भिंतींकडं बघतात, खरा गुन्हेगार डोक्यावर असतो. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडं शून्य सावली दिवस येतो, लातूर-धाराशिवकडं थोडा आधी, संभाजीनगर-जालन्याकडं थोडा उशिरा. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य बरोब्बर माथ्यावर, आणि त्याचा सगळा मारा स्लॅबवर. स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् रात्री खाली सोडतो, म्हणून रात्री अकराला अंगणात बरं वाटतं आणि आत पंखा नुसती गरम हवा फेकत बसतो. जुनी माळवदाची घरं थंड असायची ती वरच्या पांढऱ्या मातीच्या जाड थरामुळं आणि रुंद भिंतींमुळं. (तेच जड छत अन् दगडमातीच्या भिंती १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर पडल्या, त्यामुळं परत तसंच बांधा असं कुणी सांगायला लागलं तर ऐकू नका.)

रात्री दहाच्या सुमाराला टेबलावर चढून छताला हात लावून बघा, मग पश्चिमेच्या भिंतीला. जे जास्त गरम, तिथं आधी पैसे घाला. छत असेल तर गच्चीला पांढरा हात द्यायचा, चुन्यात थोडं फेविकॉल मिसळून दोन हात मारले तरी खोलीत दोन-तीन डिग्रीचा फरक पडू शकतो. इथं चूक काय होते, लोक मे महिना उजाडल्यावर जागे होतात आणि धूळ तशीच ठेवून वरून चुना फासतात, मग आठ दिवसांत पापुद्रे. होळीच्या आसपास गच्ची झाडून, धुवून, वाळू देऊन मग लावा. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, दरसाल लावावा लागतो, उन्हं परतवणारा तयार रंग महाग पडतो पण काही वर्षं टिकतो. आणि संध्याकाळी गच्चीवर पाईप सोडून बसायची सवय असेल तर ती सोडा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथंही गच्चीवर पाणी मारणारे आहेतच, काय बोलावं. पाणी घटकाभरात उडून जातं आणि दुसऱ्या दिवशी स्लॅब परत तेवढाच तापतो.

पश्चिमेच्या खिडकीचं दुखणं वेगळं. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो, पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन खाली उतरलेलं असतं, ते छज्ज्याच्या खालून सरळ आत घुसतं. त्यावर उपाय म्हणून लोक आतून जाड गडद पडदा लावतात, तर पडदा तापतो आणि ती उष्णता घरातच राहते, कारण ऊन काचेतून आत आलेलंच आहे ना. ऊन अडवायचं तर खिडकीच्या बाहेर अडवा. शेतीच्या दुकानात शेडनेट मिळते, ७५ टक्केवाली घ्या, खिडकीपासून वीतभर लांब बांधा म्हणजे मधून वारा खेळतो. बांबूची चिक मिळाली तर दिसायलाही छान. शेडनेट दिसायला काही शोभेची नाही, पाहुणे विचारतात हे काय शेत केलंय का, विचारू द्या.

पीओपी करायचंच असेल तर पंख्याचा हिशोब आधी करा. पाती छताच्या फार जवळ गेली की पंख्याला वरून हवा मिळत नाही, निदान फूटभर अंतर पाहिजे आणि खाली जमिनीपासून सात फुटांच्या वर. जुन्या घराची उंची कमी असली की हे गणित बसत नाही, मग फोटोतलं छत बाजूला ठेवा.

कूलर: सगळ्यात जास्त चुका इथंच

कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद करायच्या, ही सवय एसीवाल्यांकडं बघून लागली. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्याला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि ओली हवा बाहेर काढायला वाट लागते. समोरची खिडकी वीतभर तरी उघडी पाहिजे, नाहीतर तासाभरात खोली चिकट होते, चादर दमट लागते आणि लेकरं "कूलर गार हवाच देईना" म्हणून ओरडतात. तसंच कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच ओली हवा फिरवत बसतो, खिडकीत किंवा दारात लावा, त्यातही सावलीच्या बाजूला. आणि मृग लागला, हवेत दमट आलं की कूलरचं काम संपलं. जुलैत कूलर चालेना म्हणून मेकॅनिक बोलावणारे लोक आहेत, मेकॅनिक बिचारा पंप बदलून पैसे घेऊन जातो, दोष पंपाचा नसतोच.

एप्रिलमधीच हवा कमी झाली असेल तर जाळ्या बघा. आपलं बोअरचं पाणी खारं, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतो, वरून रोज नुसती भर घातली की पाणी अजून अजून खारं होत जातं. मग हनीकोंबच्या पॅडवर पांढरा दगड चढतो, पाणी सगळीकडं पसरत नाही आणि हवा अडते. दर चार-पाच दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, कुंड्यांना नको. पॅडवर थर बसलाच असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून त्यात भिजत ठेवा अन् मऊ ब्रशनं काढा, तारेची घासणी नको.

टाकी रिकामी करायचं दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार होतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात कारण अंडी कडेला चिकटून बसतात आणि वाळलेल्या अवस्थेतही काही महिने तग धरतात.

आणि करंट. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, कूलरमधी पाणी भरताना शॉक लागून गेले. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा जुगाड. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की लगेच लाईट तोडणारं बटण) बसवा. सोफ्याच्या कुशन कव्हरला जेवढे पैसे जातात त्यात थोडी भर घातली की हा बसतो, पण तो दिसत नाही ना, म्हणून कुणी घेत नाही.

मखमल, काळा चकचकीत सनमाईका वगैरे

हे थोडक्यात सांगतो. मार्च ते जून वावटळी सुटतात, रानं मोकळी असतात, सकाळी पुसलेलं दुपारी परत मातकट. अशा ठिकाणी काळं चकचकीत फर्निचर म्हणजे रोज फडकं हातात. मधला फिका रंग, तपकिरी-राखाडी, धूळ पोटात घेतो. उघडी शोकेस नको, काचेची दारं लावा. मखमल अन् रेक्झिन दोन्ही उन्हाळ्यात अंगाला चिकटतात, आहे तो सोफा टाकून द्या असं नाही, त्याच्यावर सुती कव्हर शिवून टाका, धुता येईल असं. गादीचंही तेच, जाड फोमची गादी अंगाची गरमी धरून ठेवते, वर आजीच्या लुगड्याची पातळ वाकळ टाकली तरी बराच फरक पडतो. कापूस पिकवणारा भाग आपला आणि झोपायचं पॉलिस्टरवर, कमालच आहे.

पाणी खारं अन् नळ काळा

काळे मॅट नळ सध्या सगळ्यांना पाहिजेत. आपल्या पाण्यात महिन्याभरात त्यावर पांढरे ओघळ दिसतात आणि घासायला गेलं की काळा थर जातो. साधा स्टीलचा चकचकीत नळ घ्या, डाग कमी दिसतात, अन् रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसला की थर बसतच नाही. बसलेल्या थराला लिंबूसत्वाचं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवायचं.

पण, हे लक्षात ठेवा, हाच उपाय शहाबादी फरशीवर करू नका. शहाबादी, कडप्पा, संगमरवर यात चुना असतो, लिंबू, व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड पडलं की फरशी खाल्ली जाते, पांढुरके खरखरीत डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत, पॉलिशच करावं लागतं. अशा फरशीला साबणाचं पाणी बास. आणि ॲसिड अन् ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी वायू तयार होतो.

दर दिवाळीला तीच भेग बुजवणे

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, दरसाल पुट्टी भरायची, वर रंग, आणि पुढच्या मे महिन्यात भेग परत हजर. रंगाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रानात पडतात तशाच भेगा पायाखालच्या मातीलाही पडतात आणि घर किंचित वर-खाली होत राहतं. त्यामुळं आधी भेग हलतेय का ते बघा, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा अन् एक उन्हाळा जाऊ द्या. वाढली नाही तर बिनधास्त भरून रंग द्या. वाढत असेल तर घराच्या कडेनं तीन-चार फूट रुंद फरशी किंवा काँक्रीट करा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. गच्चीचा पाईप भिंतीच्या बुडाशी सोडलेला असतो तो लांब न्या. हौसेनं भिंतीला चिकटून केलेली बाग अन् तिला रोजचं पाणी, हेही एक कारण असतं. भेगेत बोट शिरायला लागलं तर मात्र इंजिनिअरला दाखवा, पुट्टीवाल्याला नको.

भिंतीला लोणा (ओलीबरोबर येणारा पांढरा क्षार) धरला असेल तर तिथंही तेच, ओलीवर पुट्टी मारली की सहा महिन्यांत फुगे. ओल कुठून येते ते आधी.

एक अजून, पलंगाच्या डोक्याशी जड शेल्फ, पितळी भांड्यांनी भरलेला माळा, मोठी काचेची फ्रेम असलं काही ठेवू नका. किल्लारी झाली ती पहाटे चारच्या सुमाराला. २०२४ ला मार्चमधी आणि जुलैमधी हिंगोली-नांदेडकडं धक्के बसलेच की. जड वस्तू खाली, कपाट भिंतीला पट्टीनं ठोकून.

बॅगही तशीच भरता

घर भरताना जसं "पाहुणे आले तर", तसं बॅग भरताना "लागलं तर". उन्हाळ्यात लग्नसराई, त्यात २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, गाड्या गच्च, रुमाल टाकून जागा धरायची वेळ. तिथं चाकाची मोठी सुटकेस घेऊन चढणं म्हणजे कंडक्टरपासून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांचं बोलणं खाणं. स्वतःच्या हातानं डोक्याच्या वर उचलून फळीवर ठेवता येईल एवढीच बॅग, हा एकच नियम पाळा. मापायला वजनकाटा नको, घरातच दोन वेळा उचलून बघा, दुसऱ्यांदा तोंड वाकडं झालं की काहीतरी काढा.

काढायचं काय, तर सगळ्यात आधी जास्तीच्या चपला, मग टॉवेल. टर्किशचा जाड टॉवेल अर्धी बॅग खातो आणि वाळत नाही, त्याजागी पंचा घ्या, अंग पुसायला, उन्हात डोक्याला बांधायला, बसमधी मान टेकायला, सगळ्याला तोच. सुती कपडे गुंडाळी करून भरा, जरीची साडी मात्र गुंडाळू नका, सुती फडक्यात घडी घालून सगळ्यात वर. रोजचे दोन जोड बास, आपल्या उन्हाळ्यात रात्री धुतलेलं सकाळी वाळतं, तेवढा तरी उन्हाचा फायदा घ्या. पॉवर बँक खिडकीच्या उन्हात ठेवू नका. निघताना कूलरची टाकी उपसून प्लग काढून ठेवा, गॅसची शेगडी अन् सिलेंडरचं बटण दोन्ही बंद.

पाण्याची बाटली एक लिटरचीच घ्या आणि ओआरएसची दोन पाकिटं टाका. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकू नका, पाणी जास्त खारट होऊन उलट त्रास होतो, लेकरांना तर नकोच. पाकीट मिळालं नाही तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा धरून. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं.