मथारेच्या मुलांसाठी म्हापशातून पैसे पाठवायचे तर

म्हापशाच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शुक्रवारी मान वर करायला फुरसत नसते, बाकीचे दिवस आधार कार्डाच्या प्रती आणि दाखल्यांचे अर्ज. गेली सहा वर्षं याच दुकानातल्या मागच्या टेबलावरून आम्ही नऊ जण नैरोबीतल्या मथारे नावाच्या झोपडपट्टीतल्या एका लहानशा संस्थेला पैसे पाठवतो. संस्था मुलामुलींचे फुटबॉलचे संघ चालवते आणि संध्याकाळी अभ्यासाला एक पत्र्याची खोली उघडी ठेवते. ‘आम्हालाही असं काही करायचंय, कसं करतेस?’ असं चार-पाच जणांनी विचारलं. प्रत्येकाला गिऱ्हाईक सांभाळत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ओळख कुठून झाली ते आधी सांगते, कारण ओळखीशिवाय यात पडूच नका. आमच्या शेजारच्या आजी जन्मल्या नैरोबीत. वडील तिथे रेल्वेत कारकून. गोव्यातली अशी कितीतरी घरं होती. पियो गामा पिंटो नैरोबीतच जन्मले, गोवामुक्तीसाठी राबले, परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले आणि १९६५ साली तिथेच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आजी सत्तरच्या दशकात गावी परतल्या, पण तिकडच्या मैत्रिणींशी पत्रव्यवहार ठेवला. त्यातल्या एकीच्या ओळखीचा मुलगा ही संस्था सांभाळतो. तो आज सव्वीस वर्षांचा आहे, लहानपणी याच संघात खेळलाय.

अशी सरळ ओळख नसेल तर शोधा. आपल्याकडे ओळखी निघतातच. कुणाचा भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असतो, कुणाची भाची नैरोबीत नोकरीला असते. फोनवर आपण होऊन आलेल्या ‘अनाथ मुलांच्या’ निरोपाला मात्र उत्तरही देऊ नका.

आता संस्था पारखायची कशी. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, बँक खातं संस्थेच्या नावावर आहे ना आणि सह्या एकापेक्षा जास्त जणांच्या लागतात ना, ते विचारा. हे सगळे सांगतील. मी आणखी एक विचारलं होतं: बॉल रात्री कुठे ठेवता? दोन संस्थांना एकच प्रश्न. एकीने मला चकचकीत अहवाल पाठवला, त्यात वीस पानं होती आणि बॉल कुठेच नव्हता. दुसरी संस्था आजींच्या ओळखीतल्या या मुलाची, त्याने पाच मिनिटांत लिहिलं की खोलीचं कुलूप दोनदा फुटलं, म्हणून बॉल आता कोपऱ्यावर चपात्या विकणाऱ्या बाईकडे असतात, पिठाच्या पोत्यामागे, आणि त्याबद्दल तिच्या मुलीचा गणवेश आम्ही घेतो. मी त्या दुसऱ्या संस्थेला हो म्हटलं.

मथारेत फुटबॉल म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, पण तिथली एक गोष्ट आपल्याकडे नाही. १९८७ साली तिथे मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन सुरू झाली. तिच्या लीगमध्ये सामना जिंकल्याचे गुण मिळतात तसे वस्तीतला कचरा उचलल्याचेही मिळतात. गटार साफ केलं नाही तर कितीही गोल मारा, तक्त्यात खालीच. त्यातूनच उभा राहिलेला मथारे युनायटेड हा क्लब २००८ साली केनियाचा लीगविजेता झाला. आमची संस्था ही नव्हे, तिच्यापुढे अगदीच चिमुकली आहे, पण नियम तिथूनच उचललाय. संस्था चालवणाऱ्या आमच्या मुलाची एक भर अशी की अभ्यासाच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस सही नसेल तर रविवारी बाकावर बसायचं. त्यावर आमच्यातल्या एकाने ‘पण मुलगा चांगला खेळत असेल तर?’ असं विचारलं. नैरोबीहून उत्तर आलं, ‘तर तो चांगला बाकावर बसेल.’

काय पाठवायचं नाही, हे आम्ही पदरचे पैसे घालून शिकलो. पहिल्या वर्षी हौसेने संघासाठी त्रेचाळीस जर्सी शिवून घेतल्या, पाठीवर देवनागरीत आकडे. आजी तेव्हाच म्हणाल्या होत्या, ‘बाये, कपडे धाडूं नाका. थंय कपड्यांचो दोंगर आसा.’ मी ऐकलं नाही. खोकं कुरियरने गेलं आणि नैरोबीत अडकलं. जकात, गोदामाचं भाडं, कसला कसला दाखला. सोडवायला संस्थेच्या गंगाजळीतून जे गेलं, तेवढ्यात तिथल्या गिकोंबा बाजारात दोन संघांचे कपडे आले असते. गिकोंबा म्हणजे नैरोबीतला जुन्या कपड्यांचा अफाट बाजार. युरोप-अमेरिकेने टाकलेले कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात, त्यांना मितुंबा म्हणतात. अशा ठिकाणी मी म्हापशाहून कपडे पाठवले होते! तेव्हा वस्तू नको. वह्या नको, दप्तरं नको. वह्या तिथेही मिळतात आणि तिथे विकत घेतल्या तर तिथल्या दुकानदाराचं पोट भरतं. वह्यावाटपाचा बॅनर आणि फोटो ही आपली सवय आहे, ती म्हापशातच ठेवा.

मग पैसे, आणि तेही कशासाठी हे न सांगता. इथे लोक अडखळतात. आमच्यात निवृत्त मास्तर आहेत, त्यांना वाचनालय हवं होतं. मला संगणक हवा होता. मुलाला विचारलं, तर त्याने खोलीचं भाडं, दोन प्रशिक्षकांचं मानधन आणि वीज असं लिहिलं. फोटोत दिसेल असं यात काही नाही. पण भाडं थकलं तर वाचनालय ठेवणार कुठे? वीज तिथे आगाऊ पैसे भरून घेतात. पैसे भरले की फोनवर वीस आकड्यांचा क्रमांक येतो, तो मीटरमध्ये दाबायचा. हिशेबाबरोबर तो त्या निरोपांचे फोटो पाठवतो. आठवीची मुलं दिव्याखाली बसली आहेत हे मला त्या वीस आकड्यांतून जास्त कळतं.

हिशेबाचं म्हणाल तर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा सोपं आहे. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे. फोनवरून पैसे, भाजीवालीपासून घरमालकापर्यंत. पेसा म्हणजे आपला पैसाच, शब्द समुद्र ओलांडून गेलाय. प्रत्येक देवघेवीला क्रमांक पडतो आणि महिन्याचा उतारा निघतो. तो उतारा मागा, वेगळा अहवाल लिहायला लावू नका. मात्र आपण पाठवताना कुणा एकाच्या एम-पेसावर पाठवायचं नाही, संस्थेच्या बँक खात्यातच.

आता आपल्या बाजूचं. हे जरा नीट वाचा.

आधी वाटलं होतं, वर्गणी काढू आणि मंडळाच्या नावाने पाठवू. ते करू नका. नोंदणीकृत संस्थेने देशाबाहेर खर्च केला की तिच्या करसवलतीचा गुंता होतो, त्यासाठी आधी परवानगी लागते. माणसाने स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवणं सोपं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत प्रत्येकाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपण त्याच्या आसपासही जात नाही. दहा लाख रुपयांच्या आत असल्यामुळे बँक त्यावर आगाऊ करही कापत नाही. देणगीवरची ८० जीची आयकर सवलत मात्र मिळत नाही, ती आशा सोडा.

म्हणून आम्ही भिशी उलटी केली. भिशीत आपली पाळी आली की आपल्याला पैसे मिळतात, इथे पाळी आली की आपण द्यायचे. आम्ही नऊ जण, वर्षाला तीन हप्ते, म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन वर्षांतून एकदा. हप्ता चोवीस हजारांचा. महिन्याला सातशे बाजूला टाकले तर छत्तीस महिन्यांत होऊन वर थोडे उरतात, आणि पैसे शेवटपर्यंत ज्याचे त्याच्याच खात्यात राहतात. शिलिंग सत्तर पैशांच्या आसपास धरला तर तिथे चौतीस हजार शिलिंग होतात, पाठवण्याचा खर्च वेगळा.

तो खर्चच नडतो. पैसे थोडे असोत की जास्त, बँकेची ठरावीक फी जातेच, आणि मध्ये एखादी बँक असली तर तीही आपला हात मारते. सुरुवातीला आम्ही दर महिन्याला पाठवायचो, त्यात फीच सगळं खात होती. आता डिसेंबर, एप्रिल आणि ऑगस्ट. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्याची तीन सत्रं असतात, त्या प्रत्येकाच्या तोंडावर पैसे पोचलेले बरे. अर्जावर खर्च कोणी सोसायचा असा रकाना असतो, तिथे ‘पाठवणाऱ्याने’ असं लिहा. फीचे पैसे आम्ही आपापसात पावणी करून काढतो. एकाच्या कुळागरातला केळ्यांचा घड किंवा पणस दुकानात येतो आणि नऊ जण बोली लावतात. गेल्या मे महिन्यात मास्तरांनी एक पणस अकराशेला घेतला आणि घरी जाऊन बोलणी खाल्ली.

बँकेत जाताना पॅन कार्ड, ए-२ हा अर्ज, संस्थेच्या खात्याचा क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड आणि नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत लागते. हेतूच्या रकान्यात परदेशातल्या धर्मादाय संस्थेला देणगी, त्याचा कोड एस १३०३. प्रत्येक शाखा परकीय चलनाचं काम करत नाही, आधी फोन करून विचारा. आणि जिथे तुमचं जुनं खातं आहे तिथेच जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, आफ्रिकेत कोण आहे तुमचं? लॉटरी लागली असा फोन तर नाही ना आला?’ मला राग आला होता. आता वाटतं, तिने विचारलं तेच बरं.

बोलायचं कसं, हाही भाग आहेच. नैरोबी आपल्या अडीच तास मागे. पण तेवढ्याने भागत नाही. आजींकडून मी स्वाहिली आकडे शिकले होते, तेव्हा ऐट मारायला मुलाला विचारलं की फोन किती वाजता. तो म्हणाला, ‘सा कुमी ना मोजा.’ म्हणजे अकरा. तिकडचे रात्रीचे अकरा म्हणजे आपल्याकडे दीड, असा हिशेब करून मी गजर लावून बसले. साडेसातला त्याचे चार मिस्ड कॉल येऊन गेले होते, मला वाटलं फोन तपासून बघतोय. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पंचांगातल्या घटिकांसारखे. सकाळी सात म्हणजे एक वाजला. त्याचे अकरा म्हणजे संध्याकाळचे पाच. तो मला अजून यावरून हसतो, आणि हाक मारतो ‘मामा’. तिकडे मामा म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकून माझा नवरा खुर्चीतून पडायचा राहिला.

एक चूक माझीच. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, मुलांनी आम्हाला व्हिडिओवर एखादं गाणं म्हणून दाखवावं, सगळ्यांना बरं वाटेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मामा, मुलं पाहुणे आले की गातात. खूप पाहुणे येतात. यंदा त्यांना नको म्हणू दे.’ तेव्हापासून आम्ही मुलांचे चेहरे मागत नाही, कुणा एका मुलाला ‘दत्तक’ घेत नाही, आणि मुलांशी परस्पर संपर्क ठेवत नाही. तुम्ही निवडाल त्या संस्थेत याबद्दल लेखी नियम आहे का ते बघा. नसेल तर विचारा का नाही.

‘झुआरीनगर, मोती डोंगर या गोव्यातल्याच झोपडपट्ट्या सोडून आफ्रिका कशाला?’ हा प्रश्न येणार. मी आता वाद घालत नाही. जो विचारतो त्याला मी विचारते, मोती डोंगरावर शनिवारी शिकवायला येतोस का. आमच्यातले दोघं जातात.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नैरोबीत पूर आला. मथारे नदीकाठची घरं पाण्यात गेली, उरलेली काही नंतर सरकारने पाडली. आमचा हप्ता नुकताच पोचला होता. संस्थेच्या मुलाने आम्हाला न विचारता त्यातून गाद्या आणि पाणी घेतलं, अभ्यासाच्या खोलीत अठरा दिवस सहा कुटुंबं झोपली, आणि मग उतारा पाठवला. हप्त्यावर ‘वाचनालयासाठी’ असं लिहिलं असतं तर आधी त्याने आम्हाला विचारलं असतं, आम्ही नऊ जणांनी बैठक बोलावली असती, आणि चहा झाला असता.

तिसरी फेरी आता सुरू होतेय. ऑगस्टची पाळी आमच्या रिक्षावाल्या भाईची. त्याच्या पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आहे, पासबुकात अर्धंच, आणि बँक तिथेच अडवते. ते महिनाभर आधी सरळ करून घ्या. ए-२ अर्ज मी त्याचा भरून ठेवलाय, फक्त सही बाकी. कुठल्याही दिवशी ये, शुक्रवारी येऊ नकोस, एवढं त्याला बजावलंय.